केशरी कार्ड आणि पक्की भिंत: मुंबईच्या ई वॉर्डातलं एक प्रकरण

ताडदेवहून बेलासिस पुलावरून नागपाड्याकडे निघालं की महापालिकेचा डी वॉर्ड मागे पडतो आणि ई वॉर्ड सुरू होतो. रस्त्याचं कागदावरचं नाव जहांगीर बोमन बेहराम मार्ग, पण टॅक्सीवाल्याला बेलासिस रोडच कळतो. हा रस्ता १७९३ साली बांधला गेला. बांधणारे हात सुरतेहून दुष्काळानं हुसकावलेल्या गरिबांचे आणि पैसा लोकवर्गणीचा, असं त्यावरच्या शिळेवरच कोरलेलं होतं. मला हे फार उशिरा कळलं. तोवर एका आजींची फाईल काखोटीला मारून त्या रस्त्यावरून माझ्या तीन आठवड्यांच्या खेपा घालून झाल्या होत्या.

ही गोष्ट २०१० च्या पावसाळ्यातली. आग्रीपाड्याच्या आतल्या गल्लीतली चार मजली चाळ, सरकारी भाषेत उपकरप्राप्त इमारत, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी. गॅलरीला म्हाडाचे, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाचे, लाकडी टेकू, दहा बाय बाराच्या खोल्या, मजल्याच्या टोकाला सामाईक संडास. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी रात्री तिकडे जाताना ओल्या लादीवर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरेना. शेवटी चाळीतल्या पोरांनी त्यांना लाकडी खुर्चीवर बसवलं, पोटाभोवती चादर आवळली आणि खुर्ची उचलून खाली आणली.

महापालिकेच्या रुग्णालयात खाट मिळाली. डॉक्टर, भूल, शस्त्रक्रिया सगळं नाममात्र पैशांत, पण खुब्यात बसवायचं इम्प्लांट पेशंटनं आणायचं. त्याचं इस्टिमेट चाळीस हजारांच्या घरात गेलं. आजींच्या डब्यात अकराशे रुपये होते.

मी तेव्हा अशा पेशंटांसाठी पैसे गोळा करणाऱ्या एका छोट्या गटात होते. या कामाची एक ठरलेली रीत आहे. केसपेपर, इस्टिमेट, रेशनकार्ड, ओळखपत्र आणि वैद्यकीय समाजसेवकाचं पत्र, या सगळ्याच्या झेरॉक्सचे पाच-सहा संच करायचे आणि ट्रस्टांच्या कचेऱ्या गाठायच्या. या कचेऱ्या बहुतेक फोर्टात, काळबादेवीत, गिरगावात, नाहीतर मलबार हिलच्या पायथ्याशी. कुठे मंगळवारी अकरा ते एक, कुठे फक्त गुरुवारी. मिळाला तर चेक रुग्णालयाच्या नावे, हातात रोकड नाही. ते योग्यच आहे.

पहिल्याच कचेरीत कारकुनानं रेशनकार्ड उघडलं आणि बंद केलं. "केशरी आहे. आम्हाला पिवळं लागतं."

पिवळं कार्ड वर्षाला पंधरा हजारांच्या आतल्या कुटुंबाला, केशरी त्यावर एक लाखापर्यंत. आजींच्या कार्डावर सात नावं होती. नवऱ्याचं नाव कापलेलं. तो गिरणीत होता, १९८२ च्या संपानंतर गिरणीचं दार त्याला पुन्हा उघडलं नाही. उरलेल्या सहांत आजी, दोन मुलगे, एक सून आणि दोन नातवंडं. खोलीत मात्र राहत होत्या एकट्या आजी. थोरला सहकुटुंब नालासोपाऱ्याला, धाकटा दिव्याला. दोघांचीही खासगी, तुटपुंजी नोकरी.

"मग आजी, नावं कमी का नाही केली?"

आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की यांना कोणी शिकवलं? "नावं काढली की उद्या बिल्डिंग पाडतील तेव्हा पोरांनी कुठे जायचं गं?"

या प्रकरणाची गाठ इथेच आहे. भाडेनियंत्रण कायद्यानुसार मूळ भाडेकरू वारला की भाडेहक्क जातो तो त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे. सोबत राहत होतो हे दाखवायचं कशानं? रेशनकार्डानं, मतदार यादीनं. शहराच्या मध्यावरच्या त्या दहा बाय बारावर सगळ्या घराचं भविष्य टांगलेलं. त्यासाठी कागदावर कुटुंब एकत्र ठेवायचं. आणि कागदावर कुटुंब एकत्र राहिलं की कमावत्या मुलांचं उत्पन्न आईच्या खात्यावर चढतं, मग ती गरीब राहत नाही.

हे एकट्या आजींचं नाही, हे आकडे पाहिल्यावर कळतं. २००१ च्या जनगणनेत ई वॉर्डात, म्हणजे भायखळा, माझगाव, नागपाडा, कामाठीपुरा, आग्रीपाडा, मदनपुरा या पट्ट्यात, ४,४०,३३५ माणसं होती. २०११ मध्ये ३,९३,२८६. दहा वर्षांत ४७ हजार कमी. शेजारचा डी वॉर्ड, म्हणजे मलबार हिलपासून गिरगावापर्यंत, ३,८२,८४१ वरून ३,४६,८६६ वर आला. भुलेश्वर-काळबादेवीच्या सी वॉर्डाची घट तर अठरा टक्के, २,०२,९२२ वरून १,६६,१६१. डोंगरी-मांडवीचा बी वॉर्ड १,४०,६३३ वरून १,२७,२९० वर. या चार शेजाऱ्यांनी मिळून दहा वर्षांत १,३३,१२८ माणसं गमावली. गंमत म्हणजे त्याच दहा वर्षांत गोवंडी-मानखुर्दच्या एम-पूर्व वॉर्डात १,३२,८७० माणसं वाढली. तीच माणसं तिकडे गेली असं नाही, हे बजावून सांगते, कारण हे दोन आकडे शेजारी ठेवले की कोणालाही तो मोह होईल. आजींची मुलं काही गोवंडीला गेली नव्हती, ती महापालिकेची हद्दच ओलांडून गेली होती.

पण घट झाली म्हणजे ऐसपैस झालं असंही समजू नये. चाळीतल्या ज्या खोल्या रिकाम्या होतात तिथे कुटुंब येत नाही, गोदाम येतं, नाहीतर कारखाना. मदनपुऱ्यात हे ढळढळीत दिसतं. बनारसेकडच्या मोमीन विणकरांनी वसवलेला हा मोहल्ला. माग गेले, चामड्याच्या बॅगांचे कारखाने आले. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, चार-पाच मशीन, माळ्यावर गुंडाळलेल्या चटया. बिहारमधली पोरं दिवसा जिथे बॅगा शिवतात तिथेच रात्री झोपतात. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ८३२ स्त्रिया निघाल्या, त्यात या पोरांचाही वाटा आहे. आणि हे आकडेही आता जुने. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे वॉर्डाबद्दल बोलायचं तर आजही २०११ चाच आधार.

आता वंचितता मोजायचं माप बघा. मुंबईत गरिबी म्हटलं की मोजली जाते झोपडपट्टी. २००१ च्या गणतीत शहरातली निम्म्याहून अधिक माणसं झोपडपट्टीत होती. त्याच गणतीत सी वॉर्डातली झोपडपट्टी शून्य, ई वॉर्डात बारा टक्क्यांच्या आसपास, डी मध्ये दहाच्या. म्हणजे या मापानं ई आणि डी हे जवळजवळ जुळे भाऊ. एकीकडे मलबार हिल, एकीकडे कामाठीपुरा, आणि तक्त्यात दोघांचा रंग एकच! कारण कामाठीपुऱ्यातला गाळा दगड-विटांचा आहे. भिंत पक्की, छप्पर पक्कं. आत बाकं लावून कितीजणी झोपतात हा रकाना त्या तक्त्यात नाही. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम-पूर्व तळाला होता, तो योग्यच होता, आणि तेव्हापासून निधी, प्रकल्प, विद्यार्थ्यांचे गट तिकडे वळले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पक्की भिंत पाहून पेन खाली ठेवण्याबद्दल.

ती भिंत किती पक्की, हेही माहीत असलेलं बरं. १९६९ च्या कायद्यानं बेटावरच्या जुन्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्तीसाठी उपकर बसवला, तेव्हा अशा १९,६४२ इमारती मोजल्या गेल्या. त्यांतल्या बहुतेक १९४० च्या आधीच्या. भाडं गोठलेलं, म्हणून मालक दुरुस्ती करत नाही. भाडं थोडं, म्हणून भाडेकरू हलत नाही. आणि म्हाडा टेकू लावते. २०१७ च्या ऑगस्टअखेर भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळून ३३ जण गेले. त्याआधी २०१३ मध्ये ई वॉर्डातच, डॉकयार्ड रोडला, महापालिकेच्या कर्मचाऱ्यांची इमारत पडून ६१. या सगळ्या पक्क्या भिंती होत्या.

या भागात दानधर्म कमी आहे म्हणावं तर तसंही नाही. देशात इतकं दाटीनं दान क्वचितच कुठे झालं असेल. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय उभं राहिलं, ते ई वॉर्डात. भायखळ्याला मसिना, शिवाय नायर रुग्णालय. पूल ओलांडला की डी वॉर्डात भाटिया, हरकिसनदास, सैफी, जसलोक, ब्रीच कँडी. पण यांतलं बरंचसं दान आपापल्या लोकांसाठी सुरू झालं. त्यात लबाडी नव्हती. मुंबईत आलेला प्रत्येक समाज आधी आपल्या माणसाला छप्पर द्यायचा. गोव्याहून बोटीवर चढायला आलेल्या खलाशांसाठी गावागावाचे कूड, म्हणजे सामाईक मुक्कामाच्या खोल्या, होते, धोबी तलावात, माझगावात. एका खोलीत ओळीनं ट्रंका आणि भिंतीवर गावचा संत. घाटावरच्या गिरणी कामगारांसाठी खानावळी आणि गावकीच्या खोल्या. पारश्यांचे बाग, म्हणजे त्यांच्या वसाहती. भायखळ्याच्या जेर बाग आणि रुस्तम बागेत शिरलं की चाळीस पावलांवरचा गोंगाट एकदम बंद होतो. २०११ मध्ये देशभरात पारशी उरले होते ५७,२६४. घरं बांधणाऱ्यांनी आपल्या समाजाचा विचार केला होता, समाज इतका आटेल याचा नाही. भेंडीबाजारात दाऊदी बोहऱ्यांच्या सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्टनं २००९ पासून साडेसोळा एकरांवरच्या अडीचशेच्या आसपास इमारती पाडून नव्यानं बांधायला घेतल्या. सरकारला जे जमलं नाही ते एका धर्मादाय ट्रस्टनं हाती घेतलं, ही साधी गोष्ट नाही. पण असा ट्रस्ट पाठीशी असणं हे प्रत्येक गल्लीच्या नशिबात नसतं. आग्रीपाड्याच्या नव्हतं.

दुसऱ्या कचेरीत अर्जावर 'समाज' असा रकाना होता. भरला. कारकून सभ्य होता, त्यानं चहा विचारला आणि नियम सांगितला. तिसरीकडे फक्त कॅन्सर आणि हृदय. "हाडाला आम्ही देत नाही." का नाही, याला उत्तर नव्हतं, बहुधा ट्रस्टच्या मूळ पत्रात कोणीतरी तसं लिहून ठेवलं असावं आणि लिहिणारा जाऊन साठ वर्षं झाली असावीत. चौथ्या ट्रस्टनं पाच हजारांचा चेक लगेच दिला. आजींचं कार्ड उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

मधल्या काळात पुलापलीकडच्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयातही जाऊन आले. कायद्याचा आधार होता. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ कक कलमाखाली, आणि मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयानं दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या, बिलांतल्या दोन टक्क्यांचा निर्धन रुग्ण निधी काढायचा. आज त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना १ लाख ८० हजार आणि दुर्बलांना ३ लाख ६० हजार आहे. तेव्हा ती खूपच खाली होती. काउंटरवरच्या मुलीनं कार्ड पाहिलं, सहा नावं मोजली आणि म्हणाली, "तहसीलदारांचा दाखला आणा, मग बघू." त्यासाठी फोर्टातलं जुनं जकातघर. दाखल्यासाठी पुन्हा रेशनकार्ड. रेशनकार्डावर पुन्हा सहा नावं. थोरल्या मुलानं अर्ध्या दिवसाची रजा टाकून प्रतिज्ञापत्र केलं, की मी आईसोबत राहत नाही. नोटरीबाहेर पेनाचं टोपण लावता लावता तो म्हणाला, "ताई, हा कागद घरमालकाच्या हातात नाही ना पडणार?"

मी "नाही" म्हणाले. खरं तर मला ठाऊक नव्हतं.

या तीन आठवड्यांत नागपाड्याच्या चौकातून रोज जात होते. तिथे एक संस्था आहे, नागपाडा नेबरहूड हाऊस. आज मुंबईत नागपाड्याचं नाव निघतं ते बास्केटबॉलमुळे, आणि त्या खेळाच्या मागे हे घर आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२६ मध्ये ते सुरू केलं. प्लेगनंतर, १८९८ साली, नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं सुरुवातीलाच ज्या वस्त्या पाडून रुंद करायला घेतल्या त्यांत नागपाडा होता. तरी मॅन्शार्ट आले तेव्हा सभोवती दाटी, दारू आणि वेश्यावस्ती होतीच. त्यांनी धर्मांतराचं दुकान मांडलं नाही. वस्तीतल्या कोणीही यावं, असं घर काढलं. तिथेच १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून वीस विद्यार्थ्यांची समाजकार्याची शाळा निघाली. देशातली पहिली. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली, १९५४ मध्ये तिला देवनारला कायमची जागा मिळाली, आणि आज तिचे विद्यार्थी पायाखालच्या एम-पूर्वमध्ये काम करतात. नागपाड्यात समाजकार्य शिकलं गेलं आणि शिकलेले लोक देवनारला गेले, असा टोमणा मी एकदा तिथल्याच एका प्राध्यापकांना मारला होता. ते हसले. म्हणाले, "घर आहे की अजून तिथे."

ते खरं आहे. आणि असं आणखीही आहे. भायखळ्याला मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात ससूनांनी बगदादी यहुदी मुलांसाठी शाळा काढली, सर जेकब ससून हायस्कूल. यहुदी गेले, कोणी इस्रायलला, कोणी इंग्लंडला. शाळा राहिली. आज तिथली बहुतेक मुलं मुसलमान आहेत, भोवतालच्या गल्ल्यांतली. जे. जे.च्या आवारात गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, पेशंटांच्या नातेवाइकांसाठी. बाबांनी रकाना ठेवलाच नव्हता. कामाठीपुऱ्यात प्रेरणा या संस्थेनं १९८८ मध्ये वेश्याव्यवसायातल्या बायकांच्या मुलांसाठी रात्रीचं पाळणाघर सुरू केलं. रात्रीचं, कारण त्या आयांची कामाची वेळ रात्रीची. ही गोष्ट मुंबईत शंभर संस्था असताना आधी कोणाला सुचली नव्हती.

या चौघांत मला एकच सारखेपणा दिसतो. मदत कुठल्या गल्लीत करायची हे त्यांचं ठरलेलं आहे, कोणाला करायची हे नाही. ट्रस्टपत्रात पेशंटचा समाज, आजार, कार्डाचा रंग लिहिला की पत्र जुनं होतं आणि माणसं बदलतात. चौकात दार उघडं ठेवलं की जो येईल तो. हे माझं मत आहे, आणि ज्यांनी ट्रस्ट चालवले आहेत ते यावर म्हणतील की दार सताड उघडं ठेवलं तर खोटी फाईल घेऊन पन्नास जण येतात. येतात, मीही पाहिलेत. पण खोटी फाईल नेहमी नीटनेटकी असते. अडते ती खरी.

आजींचे पैसे शेवटी असे जमले: चौथ्या ट्रस्टचे पाच हजार. चाळीची वर्गणी सव्वासहा. साताऱ्याकडच्या त्यांच्या गावच्या मुंबई मंडळाचे चार हजार, तेही जत्रेच्या हिशेबातून उचलून. धाकट्यानं पतपेढीतून कर्ज काढलं, थोरल्यानं सुनेची पाटली गहाण ठेवली. सात हजार तरीही कमी पडत होते. चाळीच्या तळमजल्यावर बॅगांचा एक कारखाना होता. त्याच्या मालकानं मला हाक मारली, गल्ल्यातून नोटा काढून मोजल्या आणि पुढे करताना जरा संकोचानं विचारलं, "ताई, जकातीचे नाहीत हे, लिल्लाहचे आहेत. चालतील ना?" जकात म्हणजे मुसलमानांचं सक्तीचं दान, ती कोणाला द्यायची याचे नियम असतात; लिल्लाह म्हणजे स्वखुशीचं दान, त्याला तसं बंधन नसतं, हे मला त्या दिवशी त्यांच्याकडून समजलं. त्यांना वाटत होतं की आमच्या बाजूनं काही बंधन असेल.

शस्त्रक्रिया झाली. जुन्या जकातघरातला दाखला त्यानंतर अकरा दिवसांनी हातात आला.

२०१२ पासून राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली, पुढे तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, आणि केशरी कार्डालाही तिच्यात जागा झाली. आता तर कार्डाची अटही जवळपास उठली आहे. आजींसारखी फाईल आज आली तर मी आधी तिकडेच पाठवीन. इम्प्लांटसाठीच्या चकरा त्यामुळे बऱ्याच कमी झाल्या, हे मान्य करायला हवं. घरी परतल्यावरचं मात्र कुठल्याच योजनेत बसत नाही. तिसरा मजला, सामाईक संडास, वॉकर आणि एकटी बाई. चाळकऱ्यांनी खोलीतल्या मोरीत खुर्चीचा कमोड ठेवला, शेजारची मुलगी रोज सकाळी बादली ओतायची. नालासोपाऱ्याला चला म्हणून थोरला दर रविवारी यायचा.

आजी गेल्या नाहीत. मुलाच्या प्रतिज्ञापत्राची मूळ प्रत त्यांनी माझ्याकडून मागून घेतली, घडी करून रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये सारली, आणि थोड्या वेळानं पुन्हा बाहेर काढून उशीखाली ठेवली. दोन्ही कागद एका जागी नकोत, म्हणाल्या.